पाठलागाच्या गणितात वजाबाकीच का? (पोलीस भरती, लेखी)

कुमठानाका_८००मीटर

नमस्कार. मी सोलापूरची, पोलीस भरतीची तयारी करते. मैदानीची काळजी नाही. आठशे मीटर आणि शंभर मीटर होतात, गोळा थोडा कमी पडतोय, तोही होईल. अडलंय ते लेखीच्या अंकगणितात. शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पुरतं मिनिटही नाही, आणि मी चोर-पोलीस आलं की तिथंच बसून राहते.

गणित असं आहे. चोर दुपारी २.२० ला सोलापुरातून जीप चोरून ताशी ४८ किमी वेगाने पळाला. २.४५ ला चोरी कळली आणि पोलीस त्याच जागेवरून त्याच रस्त्याने ताशी ७२ किमी वेगाने मागे निघाले. चोर किती वाजता सापडेल? पर्याय ३.१०, ३.३५, ३.४५, ४.००.

माझं उत्तर ३.१०. उत्तरतालिकेत ३.३५.

नोट्समध्ये एक ओळ आहे, "एकाच दिशेने असतील तर वेगांची वजाबाकी, विरुद्ध दिशेने असतील तर बेरीज." ती पाठ आहे. पण वजाबाकी का, ते कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे पेपरात बसलं की आधी बेरीजच सुचते. आणि रेल्वेची गणितं आली की गाडीची लांबी कधी धरायची, कधी सोडायची, हा अजून एक घोळ. कुणीतरी नीट सांगा. सूत्र नको, सूत्रं वहीभर आहेत.

---

शॉर्टकट_भाऊ

ताई, इतका विचार करू नका. वेळ = (चोराचा वेग × आघाडीची वेळ) ÷ वेगांतला फरक. ४८ × २५ ÷ २४ = ५०. झालं. दहा सेकंदांचं काम. "का" ते वर्दी मिळाल्यावर विचारा.

---

पूर्वभाग_शिकवणी

भाऊंचं सूत्र बरोबर आहे. पण त्यांनी ५० आणून तिथंच सोडून दिलं. पन्नास मिनिटं, ठीक, पण कधीपासून? ते सूत्रात लिहिलेलं नसतं. पोरी, तुझं ३.१० नेमकं तिथूनच आलंय. तूही पन्नासच काढलेस, फक्त २.२० मध्ये मिळवलेस. ३.१० हा पर्याय पेपर काढणाऱ्याने उगाच ठेवलेला नाही. निम्मी पोरं हेच करणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मी पूर्व भागात घरातल्या पुढच्या खोलीत शिकवणी घेते. येणाऱ्या पोरींपैकी बऱ्याच जणींच्या घरी आया विड्या वळतात. म्हणून चोर, जीप, रस्ता हे सगळं मी आधी बाजूला ठेवते आणि विडीवरून सुरुवात करते. तुझ्या घरी वळत असतील तर आईलाच विचार. काकू लवकर बसल्या, त्यांच्या १२० विड्या झाल्या तेव्हा आईने पहिलं पान हातात घेतलं. काकू तासाला ६० वळतात, आई ८०. आई बरोबरीला कधी येईल?

एका तासात काकूंच्या ६० वाढल्या, आईच्या ८०. म्हणजे १२० ची तूट १०० वर आली. दुसऱ्या तासाला ८०, तिसऱ्याला ६०. तासाला वीस तुटतात, म्हणून सहा तास. वजाबाकी आली कुठून? काकूंचे हात चालू आहेत म्हणून आली. त्या चहाला उठल्या असत्या तर आईने तासाला पुऱ्या ८० तोडल्या असत्या. त्या वळत राहतात, म्हणून आईच्या ८० मधल्या ६० काकूंची नवी वाढ भरण्यातच जातात. उरतात २०, आणि जुनी तूट फिटते ती त्या वीसांतून.

आता जीप. पोलिसांनी गाडी सुरू केली तो क्षण, २.४५, धरून ठेव. त्या क्षणी दोघांच्या मधे किती रस्ता आहे? चोर २५ मिनिटं पळालाय. ताशी ४८ म्हणजे पाच मिनिटांत ४, म्हणून २० किमी. यापुढे चोर काय करतो, पोलीस काय करतात, याकडे बघूच नकोस. फक्त मधल्या वीस किलोमीटरकडे बघ. पोलीस तासाला ७२ ने ते खातात, चोर ४८ ने वाढवतो. तासाला २४ कमी होतात. २० कमी व्हायला एका तासाचे २०/२४, म्हणजे ५० मिनिटं. आणि हिशोब २.४५ ला सुरू केला होता, म्हणून ३.३५.

पडताळा घ्यायचाच. चोर २.२० ते ३.३५, सव्वा तास, ४८ ने ६० किमी. पोलीस ५० मिनिटं, ७२ ने ६० किमी. दोन्ही आकडे सारखे आले तरच पुढच्या प्रश्नाकडे जायचं. ३.१० ला काय झालं असतं बघ. चोर ४० वर, पोलीस ३० वर. दहा किलोमीटर मागे राहून कुणाला पकडणार?

बेरीज केव्हा, तेही इथंच कळेल. तू सोलापुरातून तुळजापूरकडे निघालीस आणि तुझी मैत्रीण तुळजापुरातून इकडे निघाली. मधले ४५ किमी तूही खातेस आणि तीही खाते. दोघी मिळून खाताय, म्हणून बेरीज. "दिशा" हा शब्द पाठ करायची गरज नाही. दुसरा माणूस मधलं अंतर कमी करतोय की वाढवतोय एवढंच विचार.

तुळजापूरचं नाव निघालंच आहे तर माझं आवडतं गणित देते. कोजागरीला सोलापुरातून आईच्या दर्शनाला चालत जातात ते इथल्या लोकांना सांगायला नको. समज, बायकांचा एक जथा संध्याकाळी ६ वाजता रूपाभवानीच्या देवळापासून निघाला, ताशी ५ किमी. घरी शाल राहिली. रात्री ९ ला एकीचा नवरा शाल घेऊन स्कूटरवरून ताशी ३५ ने निघाला. (त्या रात्री त्या रस्त्यावरची वाहतूक वळवतात, मला माहीत आहे. गणितापुरती स्कूटर जाऊ दे.) नऊ वाजता मधे १५ किमी. तासाला ३० कमी होतात. अर्धा तास. साडेनऊला, साडेसतरा किलोमीटरवर, तामलवाडीच्या अलीकडे शाल पोचली.

यात पेपरवाले तीन ठिकाणी पाचर मारतात.

जथा वाटेत अर्धा तास बसला असेल तर? नऊच्या आत बसला असेल तर सोपं आहे. नऊ वाजता ते १५ ऐवजी १२.५ किमीवर असतील, ३० ने भागून २५ मिनिटं, ९.२५. पण ते बरोबर नऊला बसले आणि साडेनऊला उठणार असले तर? त्या वेळात वजाबाकी नाहीच. ते थांबलेत, स्कूटर पूर्ण ३५ ने अंतर खातेय. १५ किमी खायला पावणेसव्वीस मिनिटं पुरतात, म्हणजे बसलेल्या जागीच गाठले. म्हणून "विश्रांती घेतली" असं दिसलं की ती पाठलाग सुरू व्हायच्या आधीची की नंतरची, ते पहिल्यांदा वाच.

दुसरी पाचर म्हणजे मुक्काम. नवरा नऊऐवजी रात्री २ ला निघाला. जथा तोवर ४० किमी गेलेला. ४० भागिले ३०, एक तास वीस मिनिटं, ३.२०, आणि जागा सव्वासेहेचाळीसच्या पुढे, ४६ किमी आणि वर दोन तृतीयांश. हिशोबात काही चूक नाही, पण तुळजापूर ४५ वरच आहे! बायका तीनलाच पोचल्या. स्कूटर पोचेल ३.१७ च्या सुमारास. वाटेत गाठ पडलीच नाही. "रस्त्यात गाठेल का?" असा प्रश्न आला की उत्तर काढून झाल्यावर मुक्कामाशी ताडून बघायचं.

तिसरी पाचर एककांची. मिनिटं तासांत आणायची राहतात, मीटर किलोमीटरमध्ये मिसळतात. त्यावर मी जास्त बोलत नाही, ती सवयीने सुटते.

---

कुमठानाका_८००मीटर

मॅडम, विडीवरून कळलं. आईला खरंच विचारलं. तिने कागदही घेतला नाही, "सा तास लागतील की" म्हणाली आणि वर मलाच विचारलं, "हे तुमाला परीक्षेला इचारतात व्हय?"

आता हे बघा. पोलिसाला २०० मीटरवर चोर दिसला. चोर ताशी ८ किमी, पोलीस ताशी १० किमी वेगाने धावतात. पकडला जाईपर्यंत चोर किती धावला? मी असं केलं: मधलं अंतर ०.२ किमी, तासाला २ कमी, म्हणून ०.१ तास, ६ मिनिटं. चोर ८ × ०.१ = ०.८ किमी, ८०० मीटर. पोलीस १००० मीटर. फरक २०० चा, म्हणजे बरोबर. पण वेळ लागला. याहून लवकर होईल का?

---

पूर्वभाग_शिकवणी

बरोबर आहे, आणि पडताळाही घेतलास. लवकर होतं. वेळ काढूच नकोस, इथं वेळ विचारलेलीच नाही. दोघं तेवढाच वेळ धावले, म्हणून अंतरं वेगांच्या प्रमाणात, ८ : १०, म्हणजे ४ : ५. फरक एक भाग. तो एक भाग २०० मीटर. चोराचे चार भाग ८००. तोंडी.

जीपचं गणितही असं तोंडी होतं, पण तिथं प्रमाण उलटं फिरतं आणि पोरी तिथं गडबडतात. तिथं आघाडी मीटरमध्ये दिलेली नाही, मिनिटांत दिली आहे. दोघांनी कापलेलं अंतर सारखं (एकाच जागेवरून निघाले, एकाच जागी भेटले), म्हणून वेळा वेगाच्या उलट प्रमाणात. वेग ४८ : ७२, म्हणजे २ : ३. वेळा ३ : २. फरक एक भाग, तो २५ मिनिटं. पोलिसांचे दोन भाग ५० मिनिटं, चोराचे तीन भाग ७५. चोराचा वेळ हवा तर ७५ हे २.२० मध्ये मिळव, पोलिसांचा हवा तर ५० हे २.४५ मध्ये मिळव, दोन्हीकडून ३.३५ च.

तेव्हा आघाडी मीटर-किलोमीटरमध्ये दिली असेल तर सरळ प्रमाण, मिनिटा-तासांत दिली असेल तर उलटं. शॉर्टकटभाऊ, याला म्हणतात शॉर्टकट.

---

शॉर्टकट_भाऊ

मान्य, मॅडम. वहीत उतरवून घेतलं.

---

ब्रेकव्हॅन

रेल्वेचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी सोलापूर विभागात मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या वेळी गार्डच. गाडीच्या शेपटाला डब्यात बसून मागून कोण येतंय हे बघण्यात नोकरी गेली, तेव्हा पाठलागाचं गणित मला पुस्तकाबाहेरून माहीत आहे.

पुस्तकात लिहितात, "एक्स्प्रेस मालगाडीला कुठे गाठेल?" खऱ्या रेल्वेत सगळी धडपड असते ती गाठू नये म्हणून. जीप बाजूने पुढे काढता येते, गाडीला रूळ सोडून कुठं जाता येतं? म्हणून पुढच्या गाडीला आधीच एखाद्या स्टेशनात लूप लाइनवर घ्यायचं आणि मागचीला मेन लाइनवरून सोडायचं. मग हे कुठं करायचं, ते ठरवतो सेक्शन कंट्रोलर. त्याच्यासमोर एक तक्ता असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, सोलापूर, बाळे, पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी अशी. प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक तिरकी रेघ. वेगवान गाडीची रेघ जास्त चढी, संथ गाडीची जास्त आडवी. थांबली की रेघ सपाट. दोन रेघा एकमेकींना कापतात तिथं गाडी गाडीला गाठणार. तो छेद स्टेशनावरच आला पाहिजे, दोन स्टेशनांच्या मधे आलेला चालत नाही.

आकडे घेतो, माझेच, वेळापत्रकातले नव्हेत. मालगाडी सोलापूरहून १० वाजता सुटली, सरासरी ताशी ४०. एक्स्प्रेस १०.४५ ला, सरासरी ताशी ८०. मॅडमच्या रीतीने १०.४५ ला मधे ३० किमी, तासाला ४० कमी, पाऊण तास. ११.३० ला, सोलापूरपासून ६० किमीवर. आता ६० किमीवर स्टेशन असेल तर छान, नसेल तर मालगाडीला त्याच्या अलीकडेच बाजूला घ्यावं लागणार. मोहोळला घेतली तर? मोहोळ ३३ किमी धरा. मालगाडी तिथं १०.५० ला पोचते, एक्स्प्रेस येते ११.१० च्या आसपास. म्हणजे मालगाडी वीस मिनिटं नुसती उभी. म्हणून कंट्रोलर तिला आणखी एखाद-दोन स्टेशनं पुढं रेटायला बघतो, उभं राहणं कमी होतं. पण फार रेटली आणि मालगाडी चढावर दमली की एक्स्प्रेस मागे सिग्नलला अडकते आणि कंट्रोलरचा फोन वाजायला लागतो. ही गणितं तो कागदावर भागाकार करून सोडवत नसे. पट्टी ठेवायची, रेघ ओढायची, कुठं कापते ते बघायचं. ताई, तुम्हीही भागाकार अडला की असा आलेख काढून बघा. उत्तर दोन मिनिटांनी इकडे-तिकडे होईल, पण चार पर्यायांतला बरोबर कोणता ते दिसतं.

आता लांबीचं. कधी धरायची, कधी सोडायची. एकच प्रश्न विचारा, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं? "ओलांडून गेली" याचा अर्थ मागच्या गाडीचं तोंड पुढच्या गाडीच्या शेपटाला लागलं तिथून सुरुवात, आणि मागच्या गाडीचं शेपूट पुढच्या गाडीच्या तोंडापुढं गेलं तिथं शेवट. तेवढ्यात दोन्ही गाड्यांची लांबी सरकून गेली. सोळा डब्यांची वंदे भारत ३८४ मीटर असते. सोलापूर-मुंबई ही गाडी २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा मी घरी बसलेलो होतो, पण गणितापुरतं मला पुन्हा ड्युटीवर घ्या. शेजारच्या रुळावर माझी ६१६ मीटरची मालगाडी ताशी ५४ ने चाललीय, आणि वंदे भारत त्याच दिशेने ताशी १०८ ने येतेय. फरक ५४. मीटर-सेकंदात आणायला १८ ने भागून ५ ने गुणायचं, सेकंदाला १५ मीटर. दोन्हींची लांबी मिळून १००० मीटर. १००० भागिले १५, साधारण ६७ सेकंद.

आता तोच प्रश्न, पण "गार्डच्या समोरून किती वेळात गेली?" असा. गार्डला लांबी नाही. म्हणजे पोट आहे, पण गणितात धरत नाहीत. फक्त ३८४ भागिले १५, २५.६ सेकंद. प्लॅटफॉर्म असेल तर त्याची लांबी धरा, विजेचा खांब असेल तर नको, उभा माणूस असेल तर नको. आणि समोरासमोर आल्या तर वेग मिळवायचे, ताशी १६२, सेकंदाला ४५ मीटर, हजार मीटरला २२ सेकंद आणि थोडं. सत्तर सेकंदांच्या जवळपास चालणारं काम बाविसात संपतं, म्हणून समोरून येणारी गाडी खिडकीतून झपकन गेल्यासारखी वाटते आणि मागून येणारी रेंगाळत जाते.

---

पोथीवाचक

या गणिताचं वय सांगू का? आर्यभटाने आर्यभटीयाच्या गणितपादात, इसवी सन ४९९ च्या ग्रंथात, हीच रीत एका श्लोकात बसवली आहे. दोन ग्रह उलट दिशेने जात असतील तर मधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागायचं, एका दिशेने जात असतील तर गतींच्या फरकाने. आणि त्याने एक गोष्ट वर सांगितलीय जी शिकवणीत कुणी सांगत नाही. जो काळ येतो तो पुढे होणाऱ्या भेटीचाही असू शकतो आणि होऊन गेलेल्या भेटीचाही.

दुसरं, पेशावरजवळच्या बख्शाली गावात १८८१ मध्ये जमिनीत सापडलेली भूर्जपत्रावरची पोथी, जी आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एक गणित आहे. एक प्रवासी पहिल्या दिवशी ५ योजनं चालतो आणि रोज आदल्या दिवसापेक्षा ३ योजनं जास्त. दुसरा रोज ७ योजनं, पण तो ५ दिवस आधी निघालाय. कधी भेटतील? वर्गसमीकरण पडतं आणि ८८९ चं वर्गमूळ काढावं लागतं. उत्तर सुमारे ६.१३६ दिवस. सोडवून बघा कुणी.

---

पूर्वभाग_शिकवणी

पोथीवाचक, भरतीला वर्गसमीकरण येत नाही, पोरीला घाबरवू नका. पण गणित झकास आहे आणि वर्गमूळ न काढताही त्याच्या जवळ जाता येतं. मधल्या अंतराकडेच बघायचं.

पहिला निघाला तेव्हा दुसरा ३५ योजनं पुढे. पहिल्या दिवशी हा ५ चालला, तो ७, अंतर वाढून ३७. दुसऱ्या दिवशी हा ८, तो ७, अंतर ३६. तिसऱ्या दिवशी हा ११, अंतर ३२. मग १४, अंतर २५. मग १७, अंतर १५. सहाव्या दिवशी २०, अंतर २. सातव्या दिवशी हा २३ चालणार, तो ७. दिवसाला १६ कमी होतात, उरलेत २. म्हणजे एक अष्टमांश दिवस. सहा दिवस आणि वर आठवा हिस्सा, ६.१२५.

तुमचं उत्तर ६.१३६, माझं ६.१२५. दोन्हींत फरक पडतो कारण मी सातव्या दिवशी चाल दिवसभर सारखी धरली, आणि सूत्र दिवसाच्या तुकड्यालाही बेरजेचा तोच नियम लावतं. माणूस दिवसभर एकाच चालीने चालतो असं धरायचं तर मला माझंच पटतं. यावर वाद घालायला तुम्ही मोकळे आहात.

होऊन गेलेल्या भेटीचं मात्र तुम्ही बरं काढलंत. कुमठानाका, हे तुझ्यासाठी. वरच्याच गणितात चोर ७२ ने आणि पोलीस ४८ ने आहेत असं समज, मधे २० किमी. फरक उणे २४, उत्तर उणे ५० मिनिटं. घाबरायचं नाही आणि उणे चिन्ह पुसून ५० लिहायचंही नाही. याचा अर्थ पुढे ते कधीच भेटणार नाहीत. याच वेगांनी ते आधीपासून चालत आले असतील तर ५० मिनिटांपूर्वी एकत्र होते. पर्यायांत "कधीच नाही" असेल तर तो उचल.

आता तुला दोन गणितं देते. तू मैदानावर पळतेस म्हणून पहिलं तिथलं. ४०० मीटरचा गोल ट्रॅक, दोघी एकाच जागेवरून एकदम निघाल्या, एक सेकंदाला ५ मीटर, दुसरी ४ मीटर. पहिली दुसरीला पुन्हा कधी गाठेल आणि तोवर दोघींच्या किती फेऱ्या झाल्या असतील? दुसरं, चार वाजल्यानंतर घड्याळाचा मिनिटकाटा तासकाट्यावर पहिल्यांदा कधी येईल? सूत्र शोधू नकोस.

---

कुमठानाका_८००मीटर

ट्रॅकचं. आधी वाटलं मधलं अंतर शून्य आहे, दोघी एकाच जागी आहेत, मग गाठायचं काय? मग लक्षात आलं की पुन्हा गाठायचं म्हणजे पूर्ण एक फेरी जास्त मारायची. म्हणून मधलं अंतर ४०० मीटर. सेकंदाला १ मीटर कमी. ४०० सेकंद. पहिली २००० मीटर, ५ फेऱ्या. दुसरी १६००, ४ फेऱ्या. मुलांना भरतीत १६०० मीटर असतं, म्हणजे मागे राहिलेला संपवत असताना पुढचा एक अख्खी फेरी वर मारून त्याच्या शेजारी आलेला असेल! पण पुढच्याचे १६०० मीटर त्याच्या आधीच, ३२० सेकंदांत संपलेले, तो कशाला पाचवी फेरी मारेल. म्हणजे तुमचं मुक्कामाचं इथंही लागू पडतं.

घड्याळाचं. चार वाजता मिनिटकाटा १२ वर, तासकाटा ४ वर. मधे १२० अंश. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश, तासकाटा अर्धा अंश. मिनिटाला साडेपाच कमी. १२० भागिले साडेपाच म्हणजे २४० भागिले ११, २१ पूर्णांक ९ छेद ११. चार वाजून जवळजवळ २२ मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवून बघितले, तिथंच येतंय.

एक शंका. मी ९ छेद ११ तसंच ठेवलं, पर्यायांत २१.८ असं दिलं तर?

---

पूर्वभाग_शिकवणी

दोन्ही बरोबर, आणि पाचव्या फेरीचं तू काढलंस ते मी विचारलंही नव्हतं.

२१.८ आणि २१ पूर्णांक ९ छेद ११ दोन्ही एकाच गणिताच्या पर्यायांत आले तर अपूर्णांकवालाच उचल, कारण ९ भागिले ११ म्हणजे ०.८१८१ असं चालतच राहतं, २१.८ हे त्याचं जवळपासचं रूप आहे. एकटं २१.८ असेल तर तेच घे.

---

कुमठानाका_८००मीटर

ठीक आहे मॅडम. ब्रेकव्हॅन काका, तुमचा आलेख वहीत काढला, जीपच्या दोन रेघा ६० वरच कापतात. आता नाव आणि प्रवाह विचारायचं होतं, संथ पाण्यातला वेग आणि...

---

पूर्वभाग_शिकवणी

त्याचा वेगळा धागा काढ गं, इथं गाड्या फार झाल्यात. आणि आज सराव करायचा असेल तर ब्रेकव्हॅन यांच्या आकड्यांत वंदे भारतऐवजी तीनशे मीटरची पॅसेंजर ताशी ७२ ने घाल, आणि मालगाडीला ओलांडायला किती सेकंद लागतात ते तिथं येऊन लिही.